जमिनीवरून उठायचा धडा

इस्पितळाच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या, म्हणून ती घडीबाई. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच सुखाने नांदत होतं. बाई अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून भारदस्त, आणि उजवा गुडघा न वाकणारा. सात वर्षांपूर्वी ती लाँड्रीतल्या ओल्या फरशीवर पडली, डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली, आणि तेव्हापासून तो पाय जो ताठ झाला तो झालाच. अशा बाईने चोपन्नाव्या वर्षी योगशिक्षिका व्हायचं मनावर घेतलं तेव्हा लोक हसले. हसणाऱ्यांचं काय जातं?

हे सगळं सुरू झालं नणंदेपासून. नवरा गेला, नणंद राहिली, असं घडीबाई स्वतःच सांगायची. वन्सं बहात्तर वर्षांच्या. त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या आणि अजूनही कोणाचं अक्षर वाकडं दिसलं की त्यांना रस्त्यात थांबून बोलल्याशिवाय चैन पडत नसे. दोघींचं दिवसातून दोनदा भांडण व्हायचं, आणि एक जण बाहेर गेली की दुसरीला घर खायला उठायचं. एका दुपारी वन्सं न्हाणीघरात घसरल्या. हाड एकही मोडलं नाही, नुसतं उठता येईना. घडीबाई कामावर होती. चार तास त्या ओल्या फरशीवर नळाकडे बघत पडून राहिल्या. घडीबाई आली, पण तिलाही वाकून उचलता येईना, तेव्हा शेजारच्या ड्रायव्हरला हाक मारावी लागली. त्या संध्याकाळी वन्संनी भांडणही उकरून काढलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर.

शेवटी त्या म्हणाल्या, "पडल्याचं मला काही नाही गं. उठता आलं नाही, ते विसरता येत नाही."

घडीबाईने दुसऱ्याच दिवसापासून योगाचे वर्ग शोधायला घेतले. सगळे वर्ग जमिनीवर सुरू होत आणि जमिनीवरच संपत. खाली बसायचं कसं, आणि मुख्य म्हणजे पुन्हा उठायचं कसं, हे कोणीच शिकवत नव्हतं. ते येत असेल तरच या, असा सगळा मामला. एका शिक्षिकेने तर फोनवर गोड आवाजात सुचवलं की आजींनी घरीच हातपाय हलवत राहावं. घडीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकवणारं कोणी नाही ना, मग मीच शिकते आणि मीच शिकवते, असं म्हणून तिने एका योगसंस्थेच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात नाव घातलं. वर्ग शनिवार-रविवारचे. बाकीचे सगळे पंचविशीतले, वेताच्या छडीसारखे लवचीक. ते पायाचा अंगठा कपाळाला लावत असताना ही भिंतीशी ताठ पाय पसरून वही लिहायची. लेखी परीक्षेत मात्र तिचा वर्गात दुसरा नंबर आला. पहिला आला त्याने तिच्याच वह्या वापरल्या होत्या.

घरी वन्संवर प्रयोग चालायचे. इस्पितळाने बाद केलेल्या चादरी तिने मागून आणल्या होत्या. त्यांची ती अशी घडी घालायची की विटेसारखा घट्ट ठोकळा तयार व्हावा. असे चार ठोकळे एकावर एक रचले की हात टेकायला आधार होई. आधी कुशीवर वळायचं. मग कोपर, मग तळहात. मग रांगायच्या स्थितीत यायचं, ठोकळ्यांवर हात रोवायचे, एक पाऊल पुढे, आणि श्वास सोडत वर. पहिल्या आठवड्यात वन्सं तीन शिव्या देऊन सतरंजीवरच झोपल्या. सहाव्या आठवड्यात उठल्या. मग त्यांनी ही गोष्ट गावभर सांगितली, आणि लाँड्रीतल्या बायका, पाठ धरलेला ड्रायव्हर, एक हात लुळा पडलेले निवृत्त पोस्टमन असे चौदा जण शिकायला तयार झाले. जागा तेवढी नव्हती. सार्वजनिक सभागृहाचा व्यवस्थापक म्हणाला, वरचा हॉल आहे, पण प्रमाणपत्र दाखवाल तर चावी देतो. तेव्हा आता सगळं त्या एका कागदावर येऊन अडलं होतं.

प्रात्यक्षिक परीक्षेचे नियम सरळ होते. वीस मिनिटांचा पाठ, सोबत स्वतःचा एक विद्यार्थी, प्रत्येक कृती शिक्षकाने आधी स्वतः पूर्ण करून दाखवायची, आणि खुर्ची-टेबल वापरायचं नाही. बाकीच्यांनी विद्यार्थी म्हणून आपापले लवचीक मित्र आणले. घडीबाईने वन्संना आणलं आणि वन्संनी पिशवीतून चादरी.

परीक्षक सडसडीत, पांढऱ्या कपड्यांतले, बोलायला मऊ. त्यांनी चादरींकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय. घडीबाई म्हणाली, नियमात खुर्ची-टेबल आहे, चादर नाही. परीक्षकांनी पुन्हा एकदा नियम वाचले. ते खरंच होतं.

पाठ सुरू झाला. नियमाप्रमाणे घडीबाई आधी स्वतः जमिनीवर आडवी झाली. एवढा मोठा देह खाली जायला वेळ लागला, आणि मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मग ती कुशीवर वळली, ताठ पाय बाजूला टाकला, चादरींवर हात रोवले आणि डाव्या पायाच्या जोरावर उभी राहिली. घाम आला होता. तिने तो पुसला नाही. मग वन्सं आडव्या झाल्या.

तेवढ्यात परीक्षकांनी घड्याळ थांबवलं आणि घडीबाईला बाजूला बोलावलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, आणि तेच जास्त अवघड असतं. ते म्हणाले की लेखीचे गुण उत्तम आहेत, गुडघ्याचं त्यांना कळतं. अभ्यासक्रमाच्या यादीतली उभ्याने करायची पाच आसनं दाखवा, विद्यार्थी आम्ही देतो, पद्मासनाला सूट देतो, प्रमाणपत्र आजच मिळेल. फक्त हे उठणं-बसणं इथे नको. यादीत नाही ते. आणि पुढेही संस्थेच्या नावावर असे वर्ग नकोत, कारण लोक याला योग समजतील.

घडीबाईला हॉलची चावी डोळ्यांसमोर दिसली. पाच आसनं तिला झोपेतही आली असती. दहा मिनिटांचं काम, मग कागद हातात, मग वरच्या हॉलमध्ये कोण काय करतं ते बघायला कोण येणार होतं? क्षणभर तिला हो म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला सांगा. तिने वळून पाहिलं. वन्सं जमिनीवर पडून छताकडे बघत होत्या, आणि परीक्षकांचा मदतनीस त्यांना उचलायला काखेत हात घालत होता.

"हात लावू नका," वन्सं म्हणाल्या. "माझा धडा चालू आहे."

मदतनीस मागे सरला. घडीबाई परीक्षकांना म्हणाली, "सर, माझी विद्यार्थिनी खाली आहे. तिला तशी टाकून मी तुमची पाच आसनं करायला जाणार नाही."

"मग मला तुम्हाला नापास करावं लागेल."

"करा. पण घड्याळ चालू करा. माझी बारा मिनिटं शिल्लक आहेत."

परीक्षकांनी घड्याळ चालू केलं, एवढा मोठेपणा त्यांच्यात होता. घडीबाई वन्संशेजारी उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, आणि नुसत्या आवाजाने त्यांना उठवू लागली. कुशीवर. थांबा. श्वास घ्या. कोपर. घाई कोणाला आहे? वन्सं रांगायच्या स्थितीत आल्या आणि तिथेच अडकल्या, त्यांचे दंड थरथरू लागले. घडीबाईचे हात पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून होते, कारण सोडले असते तर ते पुढे गेलेच असते. एक मिनिट गेलं. मग वन्संनी पाऊल पुढे टाकलं, श्वास सोडला आणि उभ्या राहिल्या. मघाशी खोकणारं माणूस आता खोकत नव्हतं.

परीक्षकांनी विचारलं, "याला आसन कोणतं म्हणायचं?"

"ते तुम्ही ठरवा," वन्सं दम खात म्हणाल्या. "न्हाणीघरात चार तास पडून बघा आणि मग ठरवा."

निकाल आठवड्याने आला. लेखी उत्तीर्ण, प्रात्यक्षिक अनुत्तीर्ण. व्यवस्थापकाने मान हलवली आणि चावी खिशात ठेवली. घडीबाई दोन दिवस घरात धुमसत राहिली, तिसऱ्या दिवशी लाँड्रीच्या मुकादमाकडे गेली. रविवारी लाँड्री बंद असते, वाळवणाची खोली रिकामी असते, गरम आणि कोरडी, सांध्यांना बरी. मुकादमाची कंबर तीन वर्षं धरलेली होती. त्याने फार प्रश्न विचारले नाहीत.

वन्संनी माळ्यावरून ब्रश उतरवले. पाटीवर काय लिहायचं यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. योग हा शब्द नको, उगाच भानगड, असं या खेपेला वन्संच म्हणाल्या. घडीबाईने ऐकलं नाही. चोरून शिकवायचं असतं तर मी पाच आसनं करून कागद आणला असता, असं ती म्हणाली. वन्संनी ब्रश रंगात बुडवला.

पहिल्या रविवारी चौदाऐवजी एकोणीस जण आले. दारातल्या पाटीवर लालभडक, सरळ रेषेतली अक्षरं होती:

योगवर्ग. शिक्षिका: परीक्षेत नापास. विद्यार्थी: कोणीही.

ड्रायव्हर ते वाचून हसला आणि जाडजूड अंग सावरत आत आला. पोस्टमन आले. लाँड्रीतल्या बायका भिंतीशी रेटारेटी करत उभ्या राहिल्या. खाली बसायला कोणी धजेना, जो तो दुसऱ्याकडे बघत होता. घडीबाईने चादरींचे ठोकळे वाटले, मग खोलीच्या मधोमध जाऊन सगळ्यांदेखत, सावकाश, आपला ताठ पाय पुढे काढून ती जमिनीवर उतरली.

"या खाली," ती म्हणाली. "उठवायची जबाबदारी माझी."