सहाचा गजर

मित्रांनो, मी एक जुना गजर आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मला दाबून गप्प केलेलं चालत नाही.

डोक्यावर पितळेच्या दोन वाट्या, मधे इवलासा हातोडा, पाठीला किल्ली, असं माझं रूप. एका बुटक्या कारागिरानं मला जोडलं, कानाशी धरलं आणि म्हणाला, "हा मुडदे उठवील!" माझ्या जन्मातली ती पहिली शाबासकी. पुढं मी एका लॉरी ड्रायव्हरच्या घरी आलो. पहाटे मी ठणाणा केला की त्याची आई माझ्या नावानं बोटं मोडायची, तो मात्र उठायचा. मग घरात मोबाइल आला. तो गोड गळ्यानं गाऊन उठवायचा. माझी रवानगी कपाटावर झाली, मोडक्या छत्रीच्या शेजारी. अंगावर धूळ बसली, किल्ली गंजली, काटे थिजले. बोलायची खुमखुमी तेवढी थिजली नाही.

मला खाली उतरवलं ते त्या घरच्या सुनेनं.

ती सूतगिरणीत कामाला. तुटला धागा असा जोडायची की गाठ बोटालाही लागू नये. पण तिचं मन सुतात नव्हतं, सूत कातणाऱ्या यंत्रात होतं. गिरणीनं यंदा पहिल्यांदाच फिटरच्या प्रशिक्षणाला बायका घ्यायचं ठरवलं आणि तिचं नाव लागलं. वर्षभराचं शिक्षण. मधे खंड पडला की जागा दुसऱ्याला. घरात तान्ही लेक होती. तिला थोपटताना ती गुणगुणायची,

कामाला निघते मी, बाळ निजले सुखात
हात माझे सुतापाशी, जीव इवल्या मुठीत

इतक्यात दुसरं मूल नको, असं नवराबायकोचं ठरलं होतं. ती अंगावर पाजत होती, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला चालेल अशी गोळी दिली होती. ती रोज घ्यायची, उठल्याबरोबर, चहासोबत. एक गोळी वगळली नाही. पण गिरणीत एक आठवडा दिवसाची शिफ्ट, एक आठवडा रात्रीची. कधी ती पहाटे उठायची, कधी दुपारी. गिरणीतल्या बायकांची सकाळ डोळे उघडतील तेव्हा होते. चहा सरकायचा आणि त्याच्याबरोबर गोळीही.

एके दिवशी तिला मळमळायला लागलं. तशीच दवाखान्यात गेली. दिवस गेले नव्हते, नुसतं पित्त होतं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, ते मी कपाटावरून शब्दन् शब्द ऐकलं.

"सिस्टर म्हणाल्या, गोळी कधी घेतेस? म्हटलं, उठल्यावर. तर म्हणाल्या, आणि उठतेस कधी? म्हटलं, कधी पहाटे, कधी दुपारी."

"मग?"

"मग सांगितलं नीट. या गोळीनं गर्भाशयाच्या तोंडाशी दाट, चिकट पडदा धरतो. पुरुषाचं बीज त्यातून आत जात नाही. कधी कधी बाईचं बीजही सुटत नाही. पण एका गोळीचा जोर जेमतेम एक दिवस. दुसरी वेळेवर गेली नाही की पडदा पातळ झालाच. तीन तासांच्या वर उशीर झाला तर चुकली म्हणायची. आठवली की लगेच घ्यायची, पुढची ठरल्या वेळेला, आणि दोन दिवस कंडोम वापरायचा. पडदा पातळ असताना जवळ आलो असू, तर तातडीची गोळी घ्यायला धावत दवाखाना गाठायचा. दुसऱ्या तऱ्हेच्या गोळ्यांचे नियम वेगळे असतात म्हणे. पण ही माझी अशी आहे."

"कंडोम मी वापरायचा?"

"मग काय, शेजारच्यानं?"

तो कानापर्यंत लाल झाला. आता वेळ ठरवायची, तर घरात फोन एकच, आणि तो त्याच्याबरोबर लॉरीवर जायचा. तेव्हा तिची नजर वर माझ्याकडे गेली. केसांतल्या पिनेनं तिनं माझी पाठ उघडली, तेलाचे थेंब सोडले आणि गजर संध्याकाळच्या सहावर लावला. दिवसाची शिफ्ट तोवर संपलेली असते, रात्रीची सुरू व्हायची असते. सहाला ती घरातच.

मी वाजू लागलो. आता लॉरी ड्रायव्हरसाठी नाही, हिच्यासाठी.

सासूबाईंना ते खपेना. "दिवेलागणीला गजर? घर आहे का अग्निशमन दल?" आणि लगेच पुढं, "एकापाठोपाठ होऊ दे दुसरं, म्हणजे एकदाची मोकळी होशील. यंत्रं कुठं पळून चाललीत?"

एका संध्याकाळी सासूबाईंच्या दोघी बहिणी आल्या. रात्रीची शिफ्ट म्हणून सून लेकीला घेऊन आत झोपली होती. सासूबाईंनी मला गुपचूप दुलईत गुंडाळलं आणि फळीवर कोंबलं.

सहा वाजले.

मी वाजलो. दुलईत माझा आवाज घुसमटला, नुसती घरघर झाली. मग मी अंगाला असे हिसके दिले, की तसूतसूनं सरकत फळीच्या कडेला आलो आणि दुलईतून निसटून धाडकन फरशीवर पडलो. पडल्या पडल्याही वाजत राहिलो! पाहुण्या दचकल्या, बशीतला चहा लुगड्यावर सांडला.

केस मोकळे, डोळ्यांत झोप, अशी सून बाहेर आली. तिनं डब्यातली गोळी घेतली, वर घोटभर पाणी प्यायली. सगळ्यांच्या देखत.

"अगं, लोकांसमोर?" सासूबाई दात खात म्हणाल्या.

"लोकांना सांगा, सहा वाजले."

पाहुण्या गेल्यावर भडका उडाला. "माझं नाक कापलंस!"

"आई, मला दुसरं नकोच आहे असं नाही. पण कधी, ते आम्ही ठरवणार. तुम्हाला चार झाली. एकदा तरी कुणी विचारलं होतं?"

सासूबाई भांडी पुसत बसल्या. एकच भांडं, पुन्हा पुन्हा.

माझा हातोडा वाकला होता. दुसऱ्या दिवशी काटे सहावर आले, मी जिवाचा आटापिटा केला, तोंडातून हूं की चूं निघेना. सून आत गाढ झोपलेली. मिनिटं चालली होती. इतक्यात स्वयंपाकघरातून ताटलीवर डाव आपटल्याचा आवाज आला, ठण ठण ठण!

"ऊठ गं! सहा वाजले तुझे. नंतर मला बोल लावशील."

सुनेनं माझा हातोडा सरळ केला आहे. ती फिटरच्या वर्गालाही जाते, हाताला ग्रीसचा वास घेऊन येते, आणि लेक तो वास हुंगून हसते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला किल्ली द्या, थेंबभर तेल घाला, एवढंच माझं मागणं. आणि घरातल्या कुणी बाईनं आपली वेळ आपण लावली असेल, तर तिच्यावर दुलई टाकायला जाऊ नका. आम्ही दुलईतूनही वाजतो.