पहिल्या चॅनेलचा ठोका

कारखान्यात धडधाकट काच फुटत होती, आणि तीही यंत्राच्या हुकमावरून.

रुंद पट्ट्यावरून माणसाच्या उंचीचे काचेचे तक्ते एकामागून एक सरकत येत. वर चार कॅमेरे शेजारी शेजारी बसवलेले. प्रत्येकाच्या वाट्याला तक्त्याची पाव रुंदी. चौघांची चित्रं चार केबलींतून एका बोर्डावर येत आणि तिथे जुळून एक अखंड चित्र होई. त्यात बुडबुडा किंवा तडा दिसला, की पुढचा लोखंडी हात तक्ता उचलून भंगाराच्या हौदात टाकी. नवा बोर्ड बसवल्यापासून तो हात अक्षरशः सुटला होता. जुळलेलं चित्र मध्येच फाटायचं, यंत्राला तो तडा वाटायचा, आणि खळ्ळकन तक्ता हौदात!

"काल एकशे बारा," मुकादम बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. पट्ट्याची सगळी पाळी त्यांच्या ताब्यात होती. "एकशे बारा तक्ते, आणि एकावर ओरखडासुद्धा नव्हता. तुमच्या बोर्डाचं आमच्याशी काही जुनं वैर आहे का?"

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडून दोघं जण आले होते. एकाला सगळे 'प्राध्यापक' म्हणत. आयुष्यात त्यांनी वर्गावर पाऊल ठेवलं नव्हतं, पण किती वाजले असं विचारलं, तर ते घड्याळाच्या शोधापासून सुरुवात करत. केबलींतून येणारा सिग्नल घेणारा बोर्डाचा सगळा भाग त्यांनी एकट्याने रचला होता.

दुसरी होती ती. वय त्रेचाळीस. पूर्वी अशाच कामात मुरलेली, पण दोन मुलं आणि सासऱ्यांचं लांबलेलं आजारपण यांत नऊ वर्षं घरी गेली. पंधरा दिवसांपूर्वी ती पुन्हा नोकरीला लागली, तीही सासूबाईंनी लकडा लावला म्हणून. "मुलं आता मलाच चार गोष्टी शिकवतात. त्यांची काळजी सोड आणि जा," असं म्हणून त्यांनी तिला जवळपास दाराबाहेर ढकललं होतं. ऑफिसात मात्र तिच्याकडे अजून केबली गुंडाळण्यापलीकडे काही आलं नव्हतं.

"दोष कॅमेऱ्यांचा आहे," प्राध्यापकांनी निकाल दिला. "प्रयोगशाळेत हा बोर्ड महिनाभर अहोरात्र चालला. एक बिट इकडचा तिकडे झाला नाही."

तिने वही काढली, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि पडद्यासमोर बसून राहिली. दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र फाटलं की एक खूण, तिसऱ्याचं फाटलं की दुसरी. तासाभराने तिने वहीतल्या खुणा मोजल्या. दुसरं चित्र दर चौदा सेकंदांनी फाटत होतं. तिसरं दर नऊ. चौथं दर चाळीस. आणि पहिलं? तासाभरात एकदाही नाही.

"झालं तर मग," प्राध्यापक म्हणाले. "पहिला कॅमेरा चांगला, बाकीचे तीन खराब. नवे मागवू. तीन आठवडे लागतील."

"तीन आठवडे!" मुकादम बाईंचा आवाज चढला. "तोवर मी काय, रोज हौद उपसत बसू?"

तिला काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते हाती येत नव्हतं. खराब वस्तू इतकी वक्तशीर कशी बिघडेल? जेवणाच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला.

सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली होती, कानाला हेडफोन लावून समोरच्या बोर्डावर दोऱ्या खोचण्यात. सुनेचं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "दोऱ्या बदलून बघितल्यात का?"

"म्हणजे?"

"अगं, लाइनवर खरखर आली की आम्ही आधी तेच करायचो. तीच दोरी दुसऱ्या भोकात खोचायची. खरखर दोरीबरोबर गेली तर दोरी वाईट. जागेवरच राहिली तर भोक वाईट. तुमच्या साहेबांनी केलं असेलच म्हणा हे."

साहेबांनी केलं नव्हतं. त्यांना बोर्डाबद्दल शंकाच नव्हती, तर करतील कशाला!

ती धावतच परतली. मुकादम बाईंनी पट्टा थांबवला. तिने पहिल्या आणि तिसऱ्या कॅमेऱ्याच्या केबली काढून एकमेकींच्या जागी लावल्या. पट्टा सुरू झाला. तिघंही पडद्यासमोर श्वास रोखून उभे राहिले.

आतापर्यंत खराब म्हणून हिणवलेला तिसरा कॅमेरा पहिल्या जागेवर बसताच अगदी शहाण्यासारखा वागू लागला. आणि तो गुणी पहिला कॅमेरा तिसऱ्या जागेवर गेल्यावर फाटू लागला. तिने घड्याळ पाहिलं. बरोबर नऊ सेकंदांनी.

"कॅमेरे चारही चांगले आहेत," ती म्हणाली. "पहिल्या जागेत जो बसेल तो सुखी."

"मला कळेल असं सांगा," मुकादम बाई म्हणाल्या.

"प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात स्वतःचं क्लॉक आहे. त्याच्या ठोक्यावर तो चित्राचे आकडे पाठवतो. दहा लाखांत एखाद्या ठोक्याचा फरक, पण चौघांचे ठोके तंतोतंत सारखे नसतात. बोर्डावरची आपली चिप प्रत्येक केबलीतून आकड्यांबरोबर तो ठोकाही शोधून काढते आणि आकडे एका बफरमध्ये ठेवते. बफर म्हणजे आकड्यांनी थांबायची जागा. भरायचं कॅमेऱ्याच्या ठोक्यावर. पण आपण चारही बफर रिकामे करतोय पहिल्या चॅनेलच्या, म्हणजे पहिल्या जागेवरच्या केबलीच्या, ठोक्यावर! म्हणून पहिल्याची आवक-जावक जुळते. दुसऱ्याचा बफर चौदा सेकंदांत भरून वाहतो, तिसऱ्याचा नऊ सेकंदांत, आणि वाहिला की चित्र फाटतं."

प्राध्यापकांनी नकारार्थी मान हलवली. "मग प्रयोगशाळेत महिनाभर का नाही वाहिला?"

"तिथे चारही केबलींना सिग्नल कुठून दिला होता?"

"एकाच टेस्टरमधून. त्याला चार आउटपुट आहेत, आणि त्याचं क्लॉक..." प्राध्यापक बोलता बोलता थांबले. चेहऱ्याचा रंग उडाला, मग परत आला, आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना ते हसत सुटले. खुर्चीत बसून, चष्मा काढून, डोळे पुसत हसले. "एकच क्लॉक! चारही बफर त्या एकाच क्लॉकवर भरत होते आणि त्यावरच रिकामे होत होते! फाटणार कसं? महिनाभर मी स्वतःचीच पाठ थोपटत होतो हो!"

तिने मनातल्या मनात भांडणाची तयारी केली होती. ती सगळी वाया गेली. तीही हसू लागली. मुकादम बाईंना नेमका विनोद कळला नाही, पण त्यांनीही हसून घेतलं.

मग दोघं खुर्च्या जवळ ओढून कामाला लागले. चारही बफर आता बोर्डाच्या स्वतःच्या क्लॉकवर रिकामे करायचे, असं ठरलं. तरीही फरक राहणारच. पण चित्राच्या दोन ओळींच्या मध्ये कॅमेरे काही 'रिकामे शब्द', म्हणजे आकड्यांचे छोटे गट, पाठवत, ज्यांत चित्र नसे. बफर भरत चालला तर त्यातला एखादा शब्द टाकून द्यायचा, आटत चालला तर एखादा दोनदा वाचायचा. चित्राला धक्का नाही. मग चौघांच्या ओळींची सुरुवात एका रेषेत आली की चित्र पुढे सोडायचं.

"हा भाग तुम्ही लिहा," प्राध्यापकांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "माझा हात आज विश्वासाचा नाही."

सुरुवातीला बोटं अडखळली. अर्ध्या पानावर त्यांना जुना रस्ता सापडला, आणि मग ती कारखाना, घड्याळ, भूक सगळं विसरली. प्राध्यापक शेजारी बसून चुका शोधत होते. दोन सापडल्या, त्यांतली एक त्यांचीच जुनी निघाली.

चिपसाठी नवी रचना तयार करायला कॉम्प्युटरने दीड तास घेतला. बोर्डात भरली, पट्टा सुरू झाला. चौदा सेकंद गेले. चाळीस गेले. मिनिटं गेली. तक्ते येत होते, जात होते, आणि लोखंडी हात कोपऱ्यात निमूट उभा होता. तासाभराने तो एकदाच हलला. तिघंही दचकले. मुकादम बाई हौदाकडे पळाल्या आणि काचेचा तुकडा हातमोज्यात धरून परतल्या.

"बुडबुडा!" त्या ओरडल्या. "खराखुरा, हरभऱ्याएवढा बुडबुडा!"

खराब काच सापडल्याचा एवढा आनंद त्या कारखान्यात आजवर कुणाला झाला नसेल. मुकादम बाईंनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिटी मारली, की पलीकडच्या भट्टीवरची माणसंही बघायला आली. प्रत्येकाला तुकडा उजेडात धरून दाखवण्यात आला. प्राध्यापकांनी कौतुकाने बुडबुड्यावरून बोट फिरवलं आणि लगेच काच कशी बनते हे काच बनवणाऱ्यांनाच समजावून सांगू लागले.

तिने बाजूला जाऊन घरी फोन लावला.

"भोकच वाईट निघालं, आई!"

"बघ," सासूबाई म्हणाल्या, आणि मुलांना मोठ्याने हाक मारली, "अरे, इकडे या, तुमच्या आईने काय केलंय ऐका!" मग फोनवर तिघं एकदम बोलायला लागले. कोण काय म्हणतंय ते काही कळेना. तिने कुणालाच थांबवलं नाही.