चाकाखालची माती

पिंपळीच्या त्या नव्या बंगल्यात सगळं रविंद्रच्या हुकुमात चालायचं. त्याला जुमानत नव्हतं ते एकच, गॅरेजचं मोटरवालं शटर. रोज सकाळी तो गाडी काढायचा, वळणावर पोचला की रिमोट दाबायचा आणि आरशात बघायचा. कुंपणाच्या भिंतीवरून दिसायचं, शटर अर्ध्यावर येऊन पुन्हा वर चाललंय.

"सेन्सर येडा झालाय," तो चिडायचा.

सेन्सर शहाणाच होता, हे त्याच्या बायकोला, मेघनाला, ठाऊक होतं. गाडी गेली की तिची सासू रंगुबाई गॅरेजच्या उंबऱ्यावर वाकायची, चाकाखालची चिमूटभर माती उचलायची आणि लेकाची दृष्ट काढायची. रविंद्रला असलं काही खपत नसे. एकदा त्यानं मीठ-मोहरीची वाटी अंगणात भिरकावली होती. तेव्हापासून म्हातारीचं हे चोरून चालायचं, आणि मेघनाला तिनं गळ्याची शपथ घातली होती.

रविवारी रविंद्रनं चौकटीतला सेन्सर काढून त्याच्या तारा एकमेकींना जोडल्या. मग स्टुलावर चढून मोटरचा जोरही वाढवला.

"आता मधी काय बी येऊ दे, थांबायचं न्हाय."

मेघना स्टुलापाशी आली. "अवो, पण कुणी मधी आलं तर?"

"कोण येतंय? माणसाला डोळं न्हाईत व्हय?"

खरं सांगावं तर घरात महाभारत. तिनं सोपी वाट धरली आणि सासूलाच बजावलं, "आत्याबाई, उद्यापासनं उंबऱ्यावर वाकू नगा. शटर थांबायचं न्हाय."

"बरं," रंगुबाई म्हणाली. लेकाच्या बाबतीत तिला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मेघनाला कळायला हवं होतं.

सोमवारी दूध उतू जाईल म्हणून मेघना गॅसपाशीच थांबली. गाडी गेली. मोटर घरघरली, आणि तो आवाज मध्येच जड झाला. ती धावत सुटली. भिंतीवरचं बटण दाबून तिनं शटर वर घेतलं, पण रंगुबाई उठली नाही.

रविंद्रनं त्या दिवशी आरशात बघितलंच नव्हतं. मेघनाच्या फोनवर तो माघारी आला आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

"हितं काय करत हुती ही?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

मेघनानं शपथ मोडली. सासूची मिटलेली मूठ तिनं त्याच्यापुढं उघडली. आत माती होती.

"तुमची दृष्ट काढत हुत्या. रोज."