अर्धी दाढी

परिचारिकेने म्हाताऱ्याचा उजवा हात कोपरातून वाकवून पाहिला. हात वाकला नाही. नाडी लागत नव्हती, श्वासही नव्हता.

"बघितलंत ना?" मुलगा म्हणाला. "पहाटेच गेलेत. पाच तास झाले. आता उगाच हाल नका करू त्यांचे."

देह ताठरला असेल तर छाती दाबायला घ्यायची नाही, हा अँब्युलन्सवरचा नियम. चालकाने तर बॅगेची चेन पुन्हा लावायला घेतली होती. पण तिचं पाऊल निघेना. आरडाओरडा ऐकून खालच्या शेजारणीने फोन केला होता आणि गाडी नाक्यावरच असल्याने ते सहा मिनिटांत वर पोचले होते. पहाटे गेलेल्या माणसासाठी आरडाओरडा आत्ता? अकरा वर्षांच्या नोकरीत तिला एक खोड लागली होती: नातेवाइकांचा आधी संशय यायचा, दया नंतर. आणि हा मुलगा उशाशी नेमका असा उभा होता, की बापाचं तोंड दिसू नये.

"जरा बाजूला व्हा."

"कशाला? झालं ना बघून?"

"व्हा म्हटलं ना."

तो नाइलाजाने सरकला. म्हाताऱ्याचा डावा गाल गुळगुळीत होता, उजव्यावर पांढरे खुंट तसेच होते. कानामागे साबणाचा फेस राहिला होता. तिने बोट लावून पाहिलं, तर फेस अजून ओला.

"पहाटे गेलेल्या माणसाची दाढी करत होतात?"

मुलाने हातातला टॉवेल पाठीमागे घेतला. इथे पाणी मुरतंय याची तिला आता खात्रीच पटली. पायथ्याशी म्हाताऱ्याची बायको बसली होती. परिचारिका तिच्याकडे वळली.

"आजी, यांचा हा हात कधीपासून असा आहे?"

"नऊ वर्षं झाली. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून," बाई बोलून गेली आणि मग मुलाकडे पाहत राहिली.

परिचारिकेला स्वतःचीच लाज वाटली. मेल्यावर ताठरपणा आधी जबड्यात येतो, हे ती नव्याने भरती झालेल्यांकडून घोकून घ्यायची. आज मात्र जवळचा हात धरून स्वतःच मोकळी झाली होती. तिने जबडा खाली ओढला. तो सहज उघडला. डावा हात उचलून सोडला, तर तो लुळा पडला.

"खाली घे यांना. फरशीवर. लवकर!" ती चालकाला म्हणाली.

"नको!" मुलगा आडवा आला. "त्यांनीच सांगितलं होतं, मला परत आणू नका म्हणून."

"लिहून दिलंय?"

"लिहायचा हात राहिला होता का त्यांना?"

"सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली आणि तळवे छातीवर रोवले.

पहिल्याच फेरीत एक बरगडी मोडली. बाईने डोळे मिटून घेतले. परिचारिका दाब मोजत होती आणि मोजता मोजता मुलाच्या हातांकडे पाहत होती. याला सोडायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बॅगेतल्या यंत्राने छातीला दोनदा विजेचा झटका दिला. मग चालकाची बोटं म्हाताऱ्याच्या गळ्यावर थबकली.

"लागली. नाडी लागली!"

घामाने तिचे डोळे चुरचुरत होते. "आता पोलिसांना कळव," ती मुलाकडे रोखून पाहत चालकाला म्हणाली.

तेव्हा बाई उठली. मुलाच्या हातातून टॉवेल घेऊन ती खाली बसली आणि नवऱ्याच्या कानामागचा फेस हळूच टिपू लागली.

"पोराला काही करू नका. पहाटेचं मीच सांगायला लावलं."

"का?"

"यांना शब्द दिला होता मी. डोक्यावर हात ठेवून. आणि मान पडली तशी मीच ओरडले. तेवढं गप्प राहणं नाही जमलं मला."

कोणी धन्यवाद म्हणावं अशी परिचारिकेची अपेक्षा उरली नव्हती.

म्हाताऱ्याच्या पापण्या हलल्या. बाईने चटकन टॉवेल मुलाच्या हातात कोंबला आणि नवऱ्याला दिसणार नाही अशी पलंगाआड जाऊन उभी राहिली.