काकांच्या नावाची माशी

ट्रॅक्टरचं तोंड बांधाला लागलं, तशी ती पुढ्यात आडवी झाली.

"ऊठ!" काका वरून ओरडले. "शिकूनसवरून माश्या मारायला आलीस का इथं?"

"मारते की, काका. मारून त्यांना नावंही ठेवते."

बांधाची माती उन्हानं विटेसारखी भाजलेली. उतरणीवर बारीक बारीक बिळं, आणि बिळाबिळात मधमाशीच्या कुळातली एकेक रानमाशी आपापला संसार मांडून बसलेली. त्यांच्यातच तिला एक निराळी सापडली होती. तांबूस, लखलखीत, पायांवर केसाचा पत्ता नाही. पंखांच्या शिरा, जबड्याची ठेवण, सगळं ताडून झालं; आजवर नोंदलेल्या कुठल्याच माशीशी ती जुळेना. जात नवीच होती. पण ती राहते कुठं, खाते काय, हे बिळं उकरून पाहिल्याबिगर लिहिता येत नव्हतं. आणि काकांना तर बांध मोडून आपल्या रानात ओढायचा होता.

बांध तिच्या बापाचा. बाप गेला, आणि आईच्या डोळ्यांतलं पाणी खळायच्या आत काकांनी त्याच्याच घराच्या पुढच्या खोल्यांत बिऱ्हाड थाटलं होतं. मायलेकी गोठ्यालगतच्या छपरात. तेव्हापासून तिनं राग गिळला नव्हता, की थुंकलाही नव्हता. दाताखाली धरून ठेवला होता.

आता मातीत पडल्या पडल्या ती साखर पेरल्यागत बोलली, "माशी नवी आहे, काका. जगाला ठाऊक नाही अशी. जो शोधतो, तो तिला हवं त्याचं नाव देतो. तुमचं द्यावं म्हणते."

काकांनी ट्रॅक्टर बंद केला.

"माझं? छापून येणार?"

"जगभर. एकदा छापलं की कायमचं."

झालं! काका बांधाचे राखणदार झाले. कुणाची शेळी फिरकली की ढेकूळ घेऊन धावायचे, "हाकल तिला! माझी माशी आहे तिथं!" शेजारणी तोंड फिरवून हसायच्या. तिकडं ती चाकूच्या टोकानं एकेक बीळ हळुवार उघडत होती, आणि आत जे दिसेल ते बघून मनोमन फुलत होती.

माशीचा शोध छापलेला अंक आला, तेव्हा काकांनी दुकानासमोर माणसं गोळा केली. "वाच, पोरी. सगळ्यांना कळेल असं सांग."

तिनं सांगितलं. अगदी सावकाश.

"ही माशी स्वतः घर खणत नाही. परागही गोळा करत नाही. म्हणून तर पायांवर केस नाहीत. दुसरी माशी कष्टाला बाहेर पडली की तिच्या घरात शिरते, आपलं अंडं ठेवते. त्यातलं पिल्लू घरमालकिणीच्या पिल्लाला मारतं, आणि तिनं साठवलेलं बसून खातं."

गर्दीतला सुतार खाकरला. "नाव मात्र शोभतंय हो!"

हसण्याचा लोट उठला. काका काळेनिळे. "बदल ते नाव!"

"बदलत नाही, काका. तुम्ही गेलात, मी गेले, तरी नाही."

छपरात येऊन तिनं सगळं आईला सांगितलं, हातवारे करून, सुताराच्या आवाजासकट. आई हसली नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली,

"तिनं काय घोडं मारलं होतं गं तुझं?"

"कुणी?"

"त्या माशीनं. ती पोटासाठी शिरते. तुझ्या काकाचं पोट तर भरलेलं होतं."