डॅशबोर्ड वाचून दाखवा

बाबांना गाडीच्या डॅशबोर्डवरचं काही दिसत नाही, हे ताईला कळलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग तिने किल्ली मागितली.

हसण्यासारखं होतंच. बाबांचा अख्खा जन्म चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात गेला होता. निम्म्या शहराच्या नाकावर त्यांनी बसवलेली फ्रेम होती. आणि हाच माणूस ऐन उन्हाळ्यात गार हवेऐवजी गरम हवेचं बटण शेवटपर्यंत फिरवून, काचा बंद करून, घामाने निथळत घरी आला होता. वर "हवामान फारच बिघडलंय" असं सांगून दोन तांबे पाणी प्यायला होता.

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," बाबा म्हणाले. "बटणांमागचे दिवे गेलेत. काळोखात कोणालाही दिसणार नाही."

"दुपारी काळोख होता?"

"गाडीत होता."

ताई सरकारी कचेरीत तपासनीस होती. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालायचा तिला पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर ती हे काम फुकट करायची. तिने तिथल्या तिथे निकाल दिला. रविवारी संध्याकाळी बाबांनी तिला शेजारी बसवून बाजाराच्या इमारतीखालच्या तळघरात गाडी न्यायची. तिथे अंधार असतो. ती विचारेल ते डॅशबोर्डवरून वाचून दाखवायचं. जमलं तर किल्ली बाबांची. नाही जमलं तर किल्ली तिची, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

बाबा हो म्हणाले. पण त्या रात्री जेवताना त्यांनी किल्ली खिशातून काढून ताटाशेजारी ठेवली, आणि डावा हात तिच्यावरून उचलला नाही.

हे फक्त धाकटीने पाहिलं. धाकटीला घरात चिमटी म्हणत, कारण तिच्या कानावर कायम एक बारीक चिमटा अडकवलेला असे. ती रिमोट, मिक्सर आणि लोकांनी पाण्यात पाडलेल्या वस्तू दुरुस्त करायची. दुकान विकल्यापासून बाबांकडे स्वतःचं म्हणावं असं काय उरलंय, याचा तिने मनात हिशोब केला. एक गाडी उरली होती. तीही ताईपेक्षा थोडीच लहान.

दुसऱ्या दिवशी तिने डॅशबोर्ड उघडला आणि तिला धक्काच बसला. बाबा खरं बोलत होते.

पंख्याच्या बटणामागचा बल्ब जळून काळा ठिक्कर पडला होता. गरम-गार हवेच्या बटणाचाही तसाच. वेगाच्या काट्यामागे एकच बल्ब जिवंत होता आणि तोही आजारी माणसासारखा पिवळा पडला होता.

"बाबा! खरंच दिवे गेलेत!"

"मग मी काय गंमत करत होतो?" बाबा म्हणाले. पण त्यांच्याकडे पाहून चिमटीला वाटलं, ही बातमी ऐकून सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलंय.

ती स्पेअर पार्टच्या दुकानात गेली आणि एलईडीचे मूठभर बल्ब घेऊन आली. दुकानदार तिला काहीतरी समजावत होता, पण चिमटीला रंग निवडायचा होता. तिने पांढरा घेतला. पांढरा म्हणजे कसा, ते दिवा लागल्यावर कळायचं होतं.

आधी दिवे लागलेच नाहीत. तिने सगळे बल्ब त्यांच्या प्लास्टिकच्या बुडख्यांसकट पाव वळसा देऊन घट्ट बसवले, किल्ली फिरवली, तर निम्मे दिवे ढिम्म. तिने तारा तपासल्या, फ्यूज तपासला, शिव्या तपासल्या. शेवटी ध्यानात आलं. जुना बल्ब कसाही घातला तरी पेटायचा. एलईडीला मात्र अधिक-उणे कळतं, उलट बसवला की तो रुसतो. तिने रुसलेले सगळे बल्ब काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवले आणि किल्ली दिली.

आता जे लागलं ते पाहून शेजारचा कुत्रा भुंकला.

डॅशबोर्ड नव्हताच तो, दाताच्या डॉक्टरची खोली होती. उजेड समोरच्या काचेवर आपटून परत बाबांच्या तोंडावर पडत होता आणि त्यात बाबा नुकतेच गेल्यासारखे दिसत होते. उजेड कमी करायचं बटण फिरवलं तर दिवे मंद व्हायच्या ऐवजी फडफडायला लागले.

"चांगलंय," बाबा डोळे मिटून म्हणाले. "दिसतंय."

"बाबा, तुम्ही डोळे मिटलेत."

"मिटूनही दिसतंय."

उपाय बाबांनीच काढला. दुकानातून आणलेल्या खोक्यात गॉगलच्या तपकिरी काचांचे तुकडे होते. त्यांनी एक तुकडा उचलला, पॅनेलच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि काच घासायला बसले. मोजपट्टी नाही, खूण नाही. घासताना ते खिडकीबाहेर बघत होते. काच खाचेत अशी बसली की चिमटीला ती नखाने काढता येईना. उजेड मधासारखा झाला. चिमटीला अवाक् व्हायला झालं, आणि आपले बाबा किती हुशार आहेत या विचारात ती इतकी गुंतली की ते काचेकडे बघत का नव्हते, हा प्रश्न तिला पडलाच नाही.

एक गोष्ट राहिली होती. गाडीला किल्ली दिली की सगळे इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागतात. त्यातला बॅटरीचा छोटा लाल दिवा तेवढा लागेना. चिमटीने त्यातही नवा एलईडी घातला होता. तिने विचार केला. लाल दिवा म्हणजे तक्रार. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक. या घराचा नियमच होता, जो कुरकुर करत नाही त्याला छेडायचं नाही. तिने स्क्रू आवळून टाकले.

रविवारी ताई वेळेवर आली. पुढे बसली, पट्टा लावला, पेन काढलं आणि कागद आणला नाही म्हणून पेन परत ठेवलं. चिमटी मागे, दोन्ही सीटच्या मधोमध, मान पुढे काढून बसली.

"पुढचे दिवे लावा," ताई म्हणाली. "पंखा लावा. मागच्या काचेचा हीटर लावा. वायपर."

"पाऊस कुठाय?"

"परीक्षा आहे."

कोरड्या काचेवर वायपर करकरत, सगळं काही सुरू असलेली ती गाडी बाजाराला दोन वळसे घालून तळघराच्या उतारावरून खाली गेली. आत खांबच खांब आणि फार थोडे दिवे. गाड्या जवळजवळ नव्हत्याच. डॅशबोर्ड मात्र दिवाणखान्यासारखा उजळला होता. ताईने तो पाहिला आणि तिचं तोंड किंचित उघडं राहिलं.

"हे कोणी केलं?"

"मी," चिमटी म्हणाली. "दिवे खरंच गेले होते, ताई. काळे पडलेले बल्ब ठेवलेत, दाखवते."

ताईचा चेहरा पडला. आपण उगाच म्हाताऱ्या माणसाला छळलं, हा विचार तपासनिसाच्या चेहऱ्यावर कसा दिसतो ते चिमटीने पहिल्यांदाच पाहिलं.

"बरं," ताई जरा मऊ आवाजात म्हणाली. "हळूहळू चालवत वाचा. पंखा कितीवर आहे?"

"दोनवर," बाबा म्हणाले. बरोबर होतं.

"हवा?"

"गार. शेवटून एक खूण आधी."

"पेट्रोल?"

"अर्ध्याच्या जरा खाली."

प्रत्येक उत्तरागणिक बाबांचे खांदे वर येत होते. चिमटीने मागे हळूच मूठ आवळली. किल्ली वाचली होती.

तेवढ्यात वायपर मध्येच थबकला. मग पंख्याचा आवाज बसला. पुढच्या दिव्यांचा उजेड भिंतीवर पिवळा होत गेला. आणि डॅशबोर्ड विझला.

जुना बल्ब मरताना कण्हत कण्हत लाल होत जातो. एलईडी तसं काही करत नाही. वीज एका हद्दीखाली गेली की तो निमूटपणे निघून जातो. पॅनेल आता काळं होतं. पेट्रोलचा काटा तळाशी जाऊन पडला होता. इंजिन मात्र अजून धुगधुगत होतं आणि गाडी सरकत होती.

"इंजिनाची उष्णता मधोमध," बाबा म्हणाले. "वेग दहाच्या आत. आतल्या हवेचं बटण उजवीकडे."

ताईने चिमटीकडे पाहिलं. चिमटीने ताईकडे पाहिलं.

"आणखी विचार की," बाबा खुशीत म्हणाले. "घाबरलीस काय?"

"पेट्रोल," ताई म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"सांगितलं ना. अर्ध्याच्या जरा खाली."

ताईचा हात तोंडावर गेला. बाबा काळ्या पॅनेलकडे मान कलवून, चष्मा नाकावर सारखा करून, अगदी बघितल्यासारखं बघत होते.

"बाबा," चिमटी म्हणाली. "दिवे गेलेत."

"कधी?"

तेवढ्यात इंजिन एक आचका देऊन बंद पडलं आणि तळघरात इतकी शांतता झाली की कुठूनतरी पाणी ठिबकताना ऐकू आलं.

बाबांनी स्टिअरिंग सोडलं नाही.

"दुकानात अशी माणसं यायची," ते म्हणाले. "ड्रायव्हर, पहारेकरी. नोकरी जाईल म्हणून अक्षरांचा तक्ता पाठ करून यायची. घडाघडा म्हणायची. मी तक्ता उलटा टांगायचो." ते ताईकडे वळले. "तूही डॅशबोर्ड उलटा टांगायला हवा होतास."

"आणि रस्ता, बाबा?" ताईने विचारलं. "रस्ता कसा दिसतो?"

"रस्ता मोठा असतो."

याच रस्त्याने याच माणसाबरोबर चिमटी गेल्या आठवड्यात बाजारात गेली होती, आणि वाटेत बाबांनी तिला समोरची फुलं किती छान आहेत असं सांगितलं होतं. तिथे फुलं नव्हती हे तिला आत्ता आठवलं. तिथे वाहतुकीचा पोलीस होता.

ताई आता किल्ली मागणार, असं धरून चिमटीने डोळे मिटून घेतले. पण ताईने दार उघडलं, बाहेर उतरली आणि रुमालाने नाक पुसलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "गाडी बंद पडली, परीक्षा झालीच नाही. पुढच्या रविवारी बघू."

ताई असं बोलू शकते याचा धक्का चिमटीला दिवे गेल्यापेक्षा मोठा बसला. ती तशीच तोंड उघडं टाकून पुढच्या दोन सीटमधून सरकली आणि ताईच्या दाराने उतरली.

गाडी वाटेतून बाजूला घ्यायला हवी होती. बाबांचे गुडघे ढकलण्याच्या कामाचे नव्हते, म्हणून कोणी काही न ठरवता तेच स्टिअरिंगवर राहिले. दोघी बहिणींनी मागून जोर लावला. गाडी हलली, सरकली, छान वळली.

"उजवीकडे घ्या, बाबा!"

"घेतोय!"

आणि धप्प.

खांब कपाटाएवढा रुंद होता. त्यावर पिवळे-काळे पट्टे मारलेले होते. नुकसान फारसं झालं नाही, पुढच्या पत्र्याला एक पोचा आला. बाबा उतरले, दोन्ही तळवे खांबावर टेकवले आणि त्याला वरपासून खालपर्यंत चाचपलं.

"हा इथे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"इमारत बांधल्यापासून, बाबा," ताई म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग परत गाडीत वाकले, किल्ली काढली आणि ताईने हात पुढे केलेला नसताना तिचा हात शोधून त्यात ठेवली.

"पुढच्या रविवारपर्यंत थांबण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "मी हा खांबही पाठ केला असता."

चिमटीने स्पेअरच्या दुकानदाराला फोन लावला.

"बॅटरीचा लाल दिवा बदललात?" तो ओरडला. "अहो, तेवढा एकच सोडायचा असतो! त्या बल्बातून वीज गेली की डायनॅमो जागा होतो, मग बॅटरी भरते. एलईडी घातलात तर तो झोपूनच राहणार. एवढी चाललीच कशी?"

"भरलेली होती तेवढी."

"मी सांगत होतो तेव्हा लक्ष कुठे होतं?"

"रंगाकडे."

जुना बल्ब तिच्या खिशात होता. तिने मोबाइलच्या उजेडात पॅनेल उघडून तो परत बसवला. तळघराच्या पहारेकऱ्याने आपल्या गाडीवरून केबल जोडून दिली आणि पोचा बघून "खांबाला काही झालं नाही ना?" असं विचारून घेतलं. ताईने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. डॅशबोर्ड मधासारखा उजळला.

बाबा मागे जाऊन बसले. या गाडीत ते मागे कधीच बसले नव्हते. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. परतीच्या वाटेवर चिमटी पुढे बसून त्या सुंदर उजेडाकडे बघत होती, आणि तो तिला बघवत नव्हता.

घरापाशी गाडी थांबली. दोघी उतरल्या. बाबा उतरेनात. आतून कडी खटखटल्याचा आवाज आला. एकदा, पुन्हा एकदा, मग जोरात.

"ताई, दार अडकलंय गं!" बाबा आतून म्हणाले.

अडकलं नव्हतं. मागच्या दारांना पोरांसाठीचं कुलूप होतं. चालत्या गाडीचं दार ताईने उघडू नये म्हणून ती एवढीशी असताना बाबांनीच ते लावलं होतं, आणि नंतर काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

ताई वळसा घालून आली आणि तिने बाहेरून दार उघडलं.

"डोकं सांभाळा, बाबा," ती म्हणाली.