मी उरलेला तुकडा

मी एक तुकडा आहे. फळीतून उरलेला, मांडीवर मावेल एवढा. माझी थोरली बहीण, म्हणजे ती अखंड फळी, एका लग्नाच्या दारात पाटी होऊन उभी राहायची होती. आम्हां दोघांचे झाड एक, रेषा एक. करवतीने मात्र आमचे प्रारब्ध वेगळे केले.

आमचा धनी सुतार. त्याची एक शिस्त होती. लाकडावर अक्षर उमटवायचे तर आधी त्याच फळीच्या तुकड्यावर पेन चालवून पाहायचा. शाई रेषांतून पसरते का, ही पहिली परीक्षा. अक्षर पुरते वाळले की त्यावर पॉलिशचा हात फिरवून ते टिकते का, ही दुसरी. दोन्हींत उतरेल तोच पेन खरा. त्या परीक्षेसाठी देह देणे, एवढेच माझ्या जन्माचे प्रयोजन.

लग्न त्याच्याच लेकीचे होते. घरात तिला भिंगरी म्हणत. तिची आई अंथरुणाला खिळली होती. लग्नापर्यंत आपण पुरणार नाही, हे तिने ओळखले होते. म्हणून दारातली पाटी आपल्याच हातची असावी, एवढे एकच मागणे तिने मागितले. उशीला टेकवून तिला बसवले आणि मला तिच्या मांडीवर ठेवले.

बॉलपेनने मला नुसते ओरखडले. मग शाईचा पेन आला. तिने 'भि' लिहिली आणि शाईला चहूकडे पाय फुटले.

"अगं बाई, ही तर पाल झाली! पाहुणे दारातूनच पळतील," ती हसली. हसता हसता तिला धाप लागली.

तिसरा रंगाचा पेन. त्याची रेघ ठसठशीत; पण टोक दाबून धरावे लागे आणि तिच्या बोटांत तेवढे बळ उरले नव्हते.

"आई, तू नुसता हात ठेव. दाबते मी."

"मग अक्षर तुझं होईल गं. माझं कसं होईल?"

शेवटी तिने जाड टोकाचा काळा मार्कर उचलला. तो पाण्यावरून होडी जावी तसा सरकला. तिने लिहिले, 'भिंगरीचं लग्न आहे, या.' वर थरथरती, लांबलचक शिरोरेघ ओढली.

"असं कुठे लिहितात का, आई?"

"चाचणीच तर आहे. पाटीवर लिहीन शहाण्यासारखं." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, हाच पेन ठेवा. एवढ्या वर्षांत माझं ऐकणारं कुणीतरी मिळालं."

"मिळालं ना? मग आता पड जरा," सुतार म्हणाला. "वाळू दे. सकाळी पॉलिश लावून बघतो."

सकाळी पॉलिश कुणी लावले नाही. पहाट व्हायच्या आत तिचा श्वास थांबला. मांडीवरचे लाकूड शेवटी चितेत मांडीखाली येते, हे मला ठाऊक होते. परंतु इतक्या लवकर?

दिवस सरले. ठरलेले लग्न मोडू नये, ही तिचीच इच्छा होती. भिंगरी वडिलांना म्हणाली, "बाबा, मोठ्या पाटीवर कुणीही लिहू दे. दारात आईचं हे लावू या."

सुतार मला घेऊन बसला. ज्याने आयुष्यभर पॉलिशची ती दुसरी परीक्षा कधी चुकवली नाही, त्यालाच ती आठवली नाही. आठवावी तरी कशी? त्याच्या लेखी मी आता चाचणीचा तुकडा राहिलोच नव्हतो. देवाची मूर्ती पुसावी तसे त्याने मला पुसले. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत मऊ फडके बुडवले आणि जन्माच्या सवयीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब हात फिरवला.

मार्करची शाई स्पिरिटने उठली. 'भिंगरीचं' आधी ओले झाले, मग 'लग्न', मग तिची ती लांब रेघ. सगळे फडक्याबरोबर वाहत गेले. तो थांबला तेव्हा माझ्यावर एक जांभळट काळा ओघळ उरला होता.

भिंगरी दारात उभी होती. ती आल्या पावली मागे वळली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

लग्नात थोरली बहीण रंगाऱ्याच्या सुबक अक्षरांनी मिरवली. मी सुताराच्या पिशवीत होतो.

आता मी त्याच्या कामाच्या टेबलावर असतो. लेक सासरहून येते, वडिलांना पाणी देते, माझ्याकडे पाहत नाही. तो मात्र रोज मला हाती घेतो. ओघळाच्या वर, कोपऱ्यात, ती पाय फुटलेली 'भि' आहे. ती शाई पाण्याची होती. लाकडात खोल शिरली होती, म्हणून पॉलिशखालीही हलली नाही. जिला हसून टाकून दिले तीच उरली. तिच्यावर बोट ठेवून तो जप करावा तसा बसून राहतो.

माझी एकच विनवणी आहे. उद्या त्याचाही हात थांबेल आणि कुणीतरी हे दुकान आवरायला येईल. मला मळलेला समजून रंधा लावू नका. तो मळ नव्हे. तिथे एक आई लिहून गेली आहे.